कानातली गुंडी

दुसरबीडजवळच्या त्या मळ्यात घरं चार आणि ट्रान्झिस्टर तीन. पोरांना त्याचं असं वेड लागलं होतं की पाणी वाफ्याबाहेर जायचं आणि पोरं गाण्यात. त्यातच हिंमतरावांच्या नव्या विहिरीला खडक लागला, रोज सुरुंग उडू लागले, तेव्हा मात्र आईबाप एकत्र बसले. एका घरानं नाही म्हणावं आणि दुसऱ्यानं हो, तर पोरं दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. म्हणून चारही घरांत एकच नियम ठरला: रेडिओ जेवणं झाल्यावर, ओट्यावर, मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून ऐकायचा. त्याच्यासोबत मिळालेली, एकट्यानंच ऐकायची कानातली गुंडी पोरांच्या हाती द्यायची नाही, कारण सुरुंगाची हाळी त्यांना ऐकू यायला हवी. हाळी झाली की आयांनी आपली आणि शेजारणीचीही पोरं घरात आहेत ना, हे विचारून घ्यायचं. हे सुचलं सोजराबाईला, आणि सगळ्यात जोरात मान डोलावली तिच्या शेजारणीनं, मंजुळाबाईनं. मान डोलवायला काय लागतं!

एके दिवशी मंजुळेला उद्याच्या बाजाराची वांगी टोपल्यांत भरायची होती. नवरा शालिग्राम मेहकरला गेलेला, आणि नऊ वर्षांची लेक शकू पदर धरून रडत होती. रेडिओवर मुलांचा कार्यक्रम होता. मंजुळेचं डोकं उठलं.

"घे बाई, ऐक! पन गुंडी कानात घाल. सोजरामावशीले कळू देऊ नको."

शकू गप्प झाली, वांगी भराभर भरली गेली आणि मंजुळेला बरंच वाटलं.

तेवढ्यात विहिरीकडून, सुरुंग लावणाऱ्या अर्जुनरावांची हाळी आली.

"सुरुंग पेटला होऽ! लपाऽ!"

शेजारच्या दारातून सोजराबाई ओरडली, "मंजुळा, शकू हाय ना वं?"

"हाय, घरात हाय!" मंजुळा म्हणाली. तिला तसंच वाटत होतं. मग तिनं आत पाहिलं. बाज रिकामी होती. चुलीमागं कोणी नाही, न्हाणीत कोणी नाही. ती बाहेर बांधापर्यंत धावली आणि तिला दिसल्या शकूच्या लाल रिबिनी, विहिरीच्या मुरमाच्या ढिगाऱ्यापलीकडे, बाभळीखाली. घरांतून कोणाला दिसू नये म्हणून पोरगी तिथं जाऊन बसली होती. आईचं ऐकलं होतं बिचारीनं.

"शकूऽ! पळ वं! शकूऽऽ!"

शकूनं मान हलवली, पण ती गाण्याच्या तालावर. बांधाआड लपलेले अर्जुनराव ओरडले, सोजराबाई ओरडली, सगळा मळा ओरडला. पोरीची पाठ तशीच. मंजुळा पळत सुटली आणि पळता पळताच तिला कळलं की आपण पोचणार नाही. तिनं वाकून हाती आलं ते ढेकूळ उचललं आणि सगळा जीव एकवटून आपल्याच लेकीवर फेकलं.

ते शकूच्या डोक्यात बसलं. ती किंचाळून वळली. समोर आई, तोंड उघडं, हात पसरलेले. पोरगी घाबरून आईकडेच धावली. मंजुळेनं तिला बांधाआड ओढलं, अंगाखाली घेतलं, आणि जमीन हादरली. बाभळीखाली धोंडे पडत राहिले.

सगळे जमले. शकूच्या मानेवरून रक्त ओघळत होतं, कानात गुंडी तशीच होती, रेडिओतून सुटलेली तिची वायर लोंबत होती.

"काऊन घातली वं ही?" सोजराबाईनं विचारलं.

शकू हुंदके देत म्हणाली, "आईच म्हनली. तुले कळू देऊ नको म्हनली."

सोजराबाईनं आपल्या पदरानं पोरीचं रक्त पुसलं. मंजुळेला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतरही सुरुंग उडत राहिले. हाळी झाली की सोजराबाई पहिल्यासारखीच विचारायची, "शकू हाय ना वं?" मंजुळा म्हणायची, "हाय." पण सोजराबाई दारातून हलत नसे. आतून शकूची स्वतःची 'ओ' आली की मगच ती घरात जायची. मंजुळेला त्याचा राग येत नसे. 'हाय' म्हणताना तीही त्याच 'ओ'कडे कान लावून, श्वास रोखून उभी असायची.