निळ्या कागदातला काव्यसंग्रह

मी एक काव्यसंग्रह बोलतोय. जुन्या महाकाव्यांतल्या ओव्यांपासून कालपरवाच्या मुक्तछंदापर्यंत सगळं माझ्या पोटात आहे. पण तीन वर्षं मला कुणी उघडलंच नाही. माणसांची मला किळस आली, ती उगाच नाही.

लासुर्ण्याचे मुख्याध्यापक दादासो निवृत्त झाले, तेव्हा शाळेनं मला आणलं. पहिल्या पानावर त्यांचं नाव घातलं, वर चकचकीत निळा कागद गुंडाळला. हारांऐवजी पुस्तक द्यायची टूम निघाली आहे ना! जन्मभर मराठी शिकवलेला हा माणूस. त्यानं कागदाला नखसुद्धा लावलं नाही.

महिन्याभरात मी पणदऱ्याला त्यांच्या व्याह्यांच्या वाढदिवसाला गेलो. तिथून बारामतीला कुठल्याशा उद्घाटनाला. सगळीकडे तेच. पेढ्याच्या तुपकट बोटांनी मला धरायचं, फोटोपुरते दात काढायचे, मग नारळाखाली दाबायचं. एकदा तर नारळ गळका निघाला. शी! वर वाचनाच्या महतीवर अर्धा तास भाषण. फिरत फिरत मी पुन्हा दादासोंकडेच आलो. त्यांनी ओळखलंही नाही.

त्यांनी मला कऱ्हाटीत सारजाबाईंना दिलं. अंगणवाडीत मदतनीस होत्या, त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम होता. बाई तिथंच कागद सोडवायला लागल्या.

"अहो, घरी जाऊन बघा," दादासो म्हणाले.

"घरी कशाला? बघू तरी काय दिलंय." बाईंनी कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि पहिलं पान मोठ्यानं वाचलं, "दादासो गुरुजींना सेवापूर्तीनिमित्त सप्रेम भेट."

मंडप हसला. मलाही फार बरं वाटलं.

"गुरुजी, हे तुमचंच हाय की!"

"असू द्या, असू द्या," म्हणत दादासो खाली बसले.

आता बाई रोज मला वाचतात. ओव्या जात्यावरच्या चालीत म्हणतात. नव्या कवयित्रींच्या कविता वाचून म्हणतात, "ही बाई आमच्यावानीच बोलती की." माझ्या पानांवर हळदीची बोटं उमटली आहेत. त्यांची मला किळस येत नाही.

परवा दादासो दारात आले. "इंदापूरला सत्कार हाय, पुस्तक मिळंना. फोटोपुरतं द्या, लगेच आणून देतो."

बाईंनी डब्यातून निळा कागद काढला.

"पुस्तक न्हाय मिळायचं, अजून निम्मं ऱ्हायलंय. ह्यो कागद न्या. आत वीट घाला. कोण उघडतंय?"

दादासो कागद घेऊन गेले. म्हणून हात जोडून सांगतो, इंदापुरात तुम्हाला निळ्या कागदातली भेट मिळाली, तर तिथल्या तिथं उघडा.