गोजराची नोंदवही

रघुपतींनी गोजरा विकायला काढली, तरी घरात कुणी त्यांच्याशी भांडलं नाही. त्यांना लागलं ते हेच.

गोजरा म्हणजे त्यांची सव्वीस फुटी शिडाची बोट. गोव्यातल्या एका म्हाताऱ्याकडून जुनी घेतलेली, आणि तिला आईचं, गोजराबाईचं नाव दिलेलं. ते राहायचे त्या राजाजीनगरात समुद्र नाही, म्हणून बोट कारवारला काळी नदीत नांगरलेली आणि तिचे कप्तान इथे, दुसऱ्या मजल्यावर. पाऊस सरला की नवरा, बायको आणि लेक बस धरून कारवार गाठायचे. मग आठ-दहा दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं गोकर्ण, होन्नावर, एकदा तर थेट गोवा. बोटीतच झोपायचं, बोटीतच स्टोव्हवर भात. अशी एकोणीस वर्षं गेली.

एप्रिलमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. "हलत्या बोटीवर आता आपलं काम नाही," असं त्यांनीच जाहीर केलं आणि कुणी 'असं कसं?' म्हणेल म्हणून वाट बघत बसले. लेक अक्षरा फोनवर म्हणाली, "सरी अप्पा, तुम्ही म्हणाल तसं." बायको राजलक्ष्मी "सरी" म्हणाल्या आणि नाचणीचं पीठ चाळू लागल्या.

रविवारी गिऱ्हाईक आलं. दयानंद मूळचा खानापूरचा, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला नोकरी. तळ्यावर छोटी शिडाची होडी चालवायला शिकलेला. बरोबर बायको भाग्यलक्ष्मी आणि पिशवीत नारळ आणि विड्याची पानं. बोलणी पक्की झाली की तिथेच द्यायची म्हणून.

"अण्णा, फोटो बघून जीव लागला बघा," तो म्हणाला. "एकच विचारतो. तळ कधी लागला काय हो बोटीला?"

"छे! एकोणीस वर्षांत एकदाही नाही."

स्वयंपाकघरात चाळणी थांबली. राजलक्ष्मी हात पुसत बाहेर आल्या. हातात जाड पुठ्ठ्याची वही.

"बोट घेताना आधी नोंदवही बघायची असते."

"ती कशाला आता? स्वल्प गिचमिड आहे."

"गिचमिड अक्षर तुमचं. म्हणून तर मला लिहायला लावलंत."

खरंच होतं ते. लिहायचं काम राजलक्ष्मींकडे आलं, तेव्हा त्यांनी ते आपल्या रीतीनं केलं. समासात पेन्सिलीनं वारा, पाण्याची खोली, इंजिनाचे तास. आणि मधे सासूबाईंनी जात्यावर शिकवलेल्या चालीत ओवी. आकडे चुकतील, ओवी चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दयानंदनं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं:

*काळी नदीच्या तोंडाशी, ओहोटी बाई लागली*
*कप्तान म्हणे थांबलो, नाव वाळूत रुतली*

"अण्णा, हा तळच की हो!"

"रुतली म्हणजे टेकली," रघुपती म्हणाले. "सहा तासांत भरती आली, निघालो. ह्याला तळ लागणं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?" राजलक्ष्मींनी विचारलं.

"विश्रांती."

भाग्यलक्ष्मीनं वही आपल्याकडे ओढली. ती कारवारजवळची, मराठी वाचायची सवय कमी, पण बोट ठेवून ठेवून वाचत गेली:

*टोपी गेली गं पाण्यात, फेऱ्या घातल्या तीन*
*टोपीसाठी तापलं गं, बाई माझं इंजिन*

"टोपी चांगली होती," रघुपती म्हणाले.

*लाट आली डोंगराची, लेक खदखदा हसे*
*कप्तानाच्या तोंडावर, हळदीचा रंग दिसे*

"अय्यो! अण्णांना बोट लागते?"

"त्या दिवशी सकाळचं पुट्टू बाधलं होतं," रघुपती म्हणाले, पण आवाजातला राग कुठल्या कुठे गेला होता. ते सोफ्याच्या कडेवर येऊन बसले होते. "ती लाट होन्नावरची. डाव्या अंगानं आली. तुला सांगतो दयानंद, अक्षरा सात वर्षांची, सुकाणूचा दांडा तिच्या हातात, आणि पोरीनं असं वळवलं..." त्यांनी चहाचा चमचा वळवून दाखवला.

राजलक्ष्मी त्या चमच्याकडे बघत राहिल्या.

भाग्यलक्ष्मी शेवटच्या लिहिलेल्या पानावर आली. "अक्का, ही तारीख तर ह्याच गुरुवारची. आणि जागा राजाजीनगर?"

समासात होतं: वारा पश्चिम, बरा. खोली तीन मजले. इंजिन बंद, गुडघा चालू. खाली ओवी:

*राजाजीनगरी गच्ची, वारा फिरे पश्चिमेला*
*विकतो म्हणे तोंडानं, हात सोडीना दोरीला*

खाली रस्त्यावर रिक्षा ओरडत गेली.

"वाळत घातलेली चादर नीट वारा धरत नव्हती," रघुपती शेवटी म्हणाले. "मी नुसतं टोक आवळलं."

"चादर वाळवायची असते हो. चालवायची नसते."

दयानंदनं वही मिटली. "अण्णा, वहीत लपवलेलं काही नाही, म्हणून मला तर बोट आणखीच आवडली. तुम्ही हो म्हणा. हा नारळ इथंच देतो."

नारळ ताटात ठेवला. रघुपती त्या नारळाकडे बघत बसले. मग बायकोकडे.

"तू काही बोलत का नाहीस?"

"मी एकोणीस वर्षं बोलतेय. आज तुमची पाळी."

"नाही द्यायची," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"विकायची नाही म्हणतो!"

दयानंदचं तोंड उतरलं. भाग्यलक्ष्मी मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "दोन तास रिंग रोडवर घासत आलो, ओव्या ऐकायला!"

"थांब की," रघुपतींनी दयानंदच्या खांद्यावर हात ठेवला. "गुडघा खोटा नाही. मागे बसून सुकाणू धरीन, पण पुढच्या टोकाला जाऊन शीड उतरवणं आता माझ्यानं होणार नाही. तिथे कुणीतरी लागेल."

"मला तळ्यातलंच येतं, अण्णा."

"तळ्यातला वारा लबाड. त्याला ओळखलंस तर समुद्र सरळ वाटेल. नोव्हेंबरात दोघंही या."

दयानंदनं बायकोकडे पाहिलं. तिनं आधीच मान हलवली होती.

"नारळ परत नेऊ नका," राजलक्ष्मी म्हणाल्या. "कारवारला गोजराच्या नाकावर फोडू." आणि त्यांनी पेन्सिल घेतली. "बोला कप्तान, आजची नोंद?"

रघुपतींनी घसा साफ केला. "लिही. सर्व बाजूंचा विचार करून कप्तानानं निर्णय घेतला."

राजलक्ष्मींनी बराच वेळ लिहिलं. भाग्यलक्ष्मी खांद्यावरून डोकावली आणि पुन्हा पदर शोधू लागली.

"काय लिहिलंस?" रघुपती चष्मा चाचपत उठले. "राजी, दाखव!"

"समुद्रावर दाखवीन," राजलक्ष्मी म्हणाल्या आणि वहीवर बसल्या.