टाचेतलं भोक

मी एक जुना पुतळा आहे. हे वाक्य पुरं झालं, म्हणजे अजून उभा आहे.

मित्रांनो, क्रम चुकला तर सांभाळून घ्या. मी क्रीडासंकुलाच्या दारातला सिमेंटचा भालाफेक्या. आतून पोकळ, लोखंडी सळयांवर तोललेला. माझा घोटा आत्ताच तडकला. खाली, माझ्या उंच चौथऱ्याच्या पायरीवर रिलेच्या चार मुली बुटांच्या नाड्या बांधत बसल्या आहेत. माझ्या टाचेपाशी, शिडीवर, रंगारी आहे. चौघींतली सर्वांत बडबडी त्याची लेक, चिमणी.

जन्म. खांद्याच्या सांध्यातून आत शिरणारं पाणी वाहून जावं, म्हणून शिल्पकारानं टाचेत एक भोक ठेवलं. संकुल नवं होतं तेव्हा लोक मान दुखेपर्यंत माझ्याकडे—

पुन्हा तडकलो. कौतुक राहू दे.

भोकातून गंजाचं तांबडं पाणी ओघळे. पाहुणे नेमके तिथेच बघतात, म्हणून व्यवस्थापकसाहेब वैतागत. मग दरवर्षी स्पर्धेआधी रंगारी भोक लांबीच्या लगद्यानं बुजवी, वर पांढरा हात मारी. मी कोरा करकरीत दिसे. पाणी आत साचे, सळया कुजत. बडा घर, पोकळ वासा म्हणतात, तो मीच.

आज त्यानं जुनी लांबी खरवडली आणि पाण्याची चिळकांडी तोंडावर आली. घोट्याभोवती चीर दिसते आहे. तो बोट घालतो. बोट आत जातं.

मी धरून ठेवतो आहे.

तो खाली बघतो. ओरडत नाही. रंगाचा अख्खा डबा मुलींवर उलटा करतो.

चौघी किंचाळत हिरवळीवर पळतात. "बाबा, डोळे फुटले का? आत्ता शर्यत आहे आमची," चिमणी कपडे झटकत म्हणते. रंगारी शिडीवरून बाजूला उडी टाकतो.

मग मी सोडलं.

नाड्या बांधल्या जात होत्या, तिथे माझं डोकं आपटलं.

धूळ बसल्यावर चिमणीनं हळूच विचारलं, रंग मुद्दाम सांडला का.

"हाक मारली असती, तर 'एवढी नाडी बांधते' म्हणाली असतीस."

तेवढ्यात साहेब धावत आले. लांबी घट्ट भरली नव्हतीस का, असं त्यांनी विचारलं.

"घट्टच भरत आलो, साहेब. म्हणून तर पडला."

मित्रांनो, मला पुन्हा उभा करा, नाहीतर करू नका. पण जुन्या वस्तूवर डाग दिसला, तर रंगाचा डबा उघडण्याआधी तो कुठून येतो ते बघा. आम्हाला हाक मारता येत नाही. आम्ही फक्त गळतो.