माइकपासून लांब

प्रज्ञाने हेडफोन कानांवरून ओरबाडून काढला. त्याच्या स्पंजला कोणाकोणाच्या डोक्याचं तेल लागलं होतं. पण तिला खरी शिसारी आली ती आतल्या आवाजाची. तिचे वडील, धर्माजीबुवा, रांजणात तोंड घालून गात असल्यासारखे वाटत होते.

“शी! हे काय करून ठेवलंय, कुंडलिकभाऊ?”

“आवाज दाबून बत्तीस केबीपीएसला केलंय, मॅडम,” ओतूरच्या स्टँडसमोर सीड्या भरून देणारा कुंडलिक म्हणाला. “बुवांच्या वीसच्या वीस कॅसेटी एका सीडीत बसल्या. तीनशे वीसला केलं तर आवाज झकास, पण सीड्या पाच व्हतील. वाटायला एकच बरी.”

बोलता बोलता त्याने कोपऱ्यातल्या डब्यात गुटख्याची पिंक टाकली. प्रज्ञाने तोंड फिरवलं. परवा बुवांचा पहिला स्मृतिदिन. येडगावच्या विहारात घरटी गाणी वाटायची, ती असली? मेलेल्या माणसाचा गळा दाबायचाच प्रकार हा.

“एक गाणं तीनशे वीसला करून ऐकवा. आई, तूही ऐक.”

बाकावरची द्रौपदा पुढे सरकली. बुवांच्या गायन पार्टीत तिने तीस वर्षं कोरस धरला होता. माइक एकच, तो बुवांपुढे. बायकांनी मागे बसायचं, ही पार्टीची रीत.

कुंडलिकने स्पीकर लावला. बुवांचा आवाज खणखणीत आला आणि प्रज्ञा सुखावली. दुसऱ्या कडव्याला लांबून एका बाईचा सूर वर चढला, बुवांच्याही वर. प्रज्ञाच्या अंगावर काटा आला. गाणं संपलं, पेटी थांबली आणि बुवांचं दबकं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

“भवाने, कितींदा सांगायचं? सरक मागं, माइकपासून लांब. लोक मला ऐकाया आल्यात.”

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

जन्मभर ज्याच्या पाया पडली, त्या माणसाची प्रज्ञाला किळस आली. डब्यातल्या पिंकेपेक्षा जास्त.

“बत्तीसमध्ये हे नव्हतं.”

“बारीकसारीक उडून जातं त्यात,” कुंडलिक खाली बघत म्हणाला. “एवढं बोलणं कापू का?”

प्रज्ञाने आईकडे पाहिलं. द्रौपदाचा हात गुडघ्यावर अजून ताल धरून होता.

“मी अशी गात व्हते व्हय?” ती म्हणाली. “मला कंदी ऐकूच आलं न्हाई.”

“काही कापू नका,” प्रज्ञा म्हणाली. “पाच सीड्या होऊ द्या. आणि ते गाणं पुन्हा लावा.”

मग तिने तो तेलकट हेडफोन उचलला, ओढणीने नीट पुसला आणि आईच्या कानांना लावला.