जोडीचा भराव

"वाक, वाक! आमच्या सेमारांगमध्ये दारातसुद्धा अदबीने वाकतात," मी म्हटलं.

तुकिनेमने तरी चौकटीवर डोकं आपटलंच. "अदब कसली मेली! जमीन वर येतेय, छप्पर तिथंच. आणखी एक भराव टाकलास की रांगत यावं लागेल मला."

ती शेजारच्या घरात नवी नवरी म्हणून आली, तेव्हा या चौकटीला तिचा हात पुरत नव्हता.

आमच्या गल्लीत भरतीचं पाणी घरात येतं. म्हणून दर काही वर्षांनी मुरूम टाकून जमीन उंचवायची. तीही शेजाऱ्यांनी जोडीनेच. एकीने एकटीने उंचवली, तर तिच्या वाटचं पाणी दुसरीच्या घरात शिरतं. आमच्या दोघींची भिंत एक. आजवरचे सगळे भराव आम्ही जोडीनेच टाकले.

"तुझ्या माहेरी, त्या कोरड्या गुनुंगकिडुलला डबकं दिसलं तरी जत्रा भरत असेल," मी म्हटलं.

"भरू दे. आमच्याकडे चपला तरी तरंगत नाहीत."

"टोळ तळून खाता, आणि तोंड वर करून बोलता!"

"खरपूस लागतात. तुमच्या माशांना नुसता चिखलाचा वास," म्हणत तिने माझ्याच ताटातला मासा उचलला.

"सोमवारी मुरूम येतोय. तुझाही सांगितलाय."

ती काटे काढत राहिली. "माझा नको सांगूस, रुमिनी. मुलगा न्यायला येतोय गावाकडे. गुडघे बघ कसे सुजलेत, सारखे ओले राहून."

"आणि घर?"

"राहू दे बंद. जमलं तर येईन."

"तिथं विहिरी आटल्यात, बाई."

"म्हणूनच. गुडघे सुकतील."

एरवी मी हसले असते.

ती गेली. सोमवारी मुरूम आला, गवंडी फावडं घेऊन उभा राहिला. मी शेजारच्या दाराकडे पाहिलं. पाणी शिरू नये म्हणून जाताना तिने दाराखाली जुनं लुगडं ठासून बसवलं होतं.

"राहू दे. नंतर बघू," मी गवंड्याला म्हटलं.

ढीग अजून बाहेरच आहे. त्यावर गवत आलंय, कोंबड्या बसतात.

परवा तिचा फोन आला. "काय गं, बुडालीस की आहेस?"

"कोरडं ठणठणीत! तुझ्याकडे?"

"विहीर तुडुंब!"

तिच्या मागे रिकामे डबे खडखडत होते. कोणीतरी ओरडत होतं, "टँकर चालला, रांगेत या!"

ते काही मी ऐकलं नाही. पाय खाटेवर ओढून घेतले.

"टोळ पाठव गं थोडे," मी म्हटलं, आणि वाकून तरंगत चाललेली चप्पल धरली.