चंद्र दोन का दिसतात

तीस वर्षं ज्या चुन्याच्या भट्टीत आजोबांनी कोळसा ओतला, तिचाच धूर आता त्यांच्या चंद्राच्या आड येत होता. परसात चिखल, म्हणून टाकलेल्या फळ्यांवर दुर्बीण उभी होती. भिंगाशी मोबाइल बांधला होता. दिवेलागण होत होती आणि डोक्यावर अर्धा चंद्र होता, गढूळ.

सोमवारी त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. परत कधी, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि आजोबांनी विचारलंही नव्हतं. त्याआधी नातीबरोबर चंद्राचा एकच फोटो काढायचा होता, खळग्यांच्या कडा मोजता येतील असा. नातीला ते भिंगरी म्हणत. तिचं बूड एका जागी टेकत नसे.

“वीस काढ,” ते म्हणाले. “हवा क्षणभर निजते. तेवढ्यात एखादा साधतो.”

भिंगरीने वीस काढले. आजोबा मधेच खोकले, एकदा तर कमरेत वाकून. ती फोटो मोठे करून पाहू लागली.

“हवाच भिकार,” आजोबा म्हणाले. गेल्या तीन संध्याकाळी त्यांचं हेच पालुपद चाललं होतं.

“हवा नाही.”

“मग काय चंद्र नाचतोय?”

“तुम्हीच शिकवलंत ना? हवा हलली की चंद्र पाण्यात पडल्यासारखा लहरतो. दुर्बीण हलली की दोन दिसतात. हे बघा, दोन. इथेही दोन. तुम्ही खोकलात की फळ्या हलतात, आजोबा.”

शिकवलेलं असं अंगावर येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“मी श्वास धरतो.”

त्यांनी धरला. चार आकडे मोजेपर्यंत टिकला, मग असा खोकला उसळला की चंद्र पडद्याबाहेरच गेला.

भिंगरी रागावली नाही. “तुम्ही घरात बसता का? थोडाच वेळ.”

ते गेले. दार लोटून त्यांनी उशी तोंडावर दाबली. बाहेर ती त्यांच्याच सुरात स्वतःला समजावत होती, “घाई नको. आधी फोकस. थांब, धूर जाऊ दे.” उशीवर लाल ठिपके उमटले, तेव्हा त्यांनी ती उलटी करून ठेवली.

“आला! आजोबा, कडा मोजता येतायत! तुम्ही नव्हतात म्हणून किती छान आला!”

आजोबा भिंत धरत दारापर्यंत आले. दम जमवायला त्यांना बराच वेळ लागला.

“एकावर थांबू नये,” ते म्हणाले. “अजून वीस काढ.”

फळीवर पाय मात्र त्यांनी ठेवला नाही.