पहिल्या खाचेतला कटर

"हातमोजा न घालता कटरला हात लावाल, तर याद राखा!" फोरमन शिवनंजप्पा ओरडला की बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमधले सगळे माना खाली घालत. धुतलेल्या कटरला काहीही लागलं, तर भट्टीत चढवलेला मुलामा तिथं धरत नाही, हे त्यानं सत्तावीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यात बडवलं होतं.

त्या सोमवारी त्याचा पारा जास्तच चढला होता. विमानाच्या इंजिनाच्या चकत्या कापणाऱ्या, दोन महिन्यांपूर्वीच जोडलेल्या गिऱ्हाइकानं कटर परत पाठवले होते. चकत्या निकेलच्या मिश्रधातूच्या. कापताना त्या इतक्या तापतात, की मुलामा जरा निघाला तरी कटरची धार मिनिटभरात जळून जाते. दोन महागड्या चकत्या भंगारात गेल्या होत्या, आणि खापर पुट्टतायम्मावर फुटलं होतं, कारण कटर ती धुवायची.

"तायम्मा, धुतेस का नुसतं पाणी दाखवतेस?"

"अकरा वर्षं धुतेय, अण्णा. घरची भांडी कधी एवढी घासली नाहीत, नवऱ्याला विचारा."

"तोंड चालतं तेवढे हात चालव की!"

कुणी हसलं नाही. तिला कामावरून काढायचं पत्र आत मालकांच्या टेबलावर तयार होतं. शिवनंजप्पानं सही केली होती, मालकांची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात मालकांनी, रेणुकाप्रसादांनी, त्याला आत बोलावलं. "नंजप्पा, जरा मायक्रोस्कोपमध्ये बघा."

कटरच्या काळ्या-जांभळ्या मुलाम्यात टोकाशी एक उघडा ठिपका होता. कडेला पांढरे कण.

"साबण राहिलाय, सार. मी म्हणतच होतो."

"साबण नाही, राख आहे. तपासून घेतलं. आणि प्रत्येक ट्रेमधल्या चाळीसांपैकी एकच कटर बिघडलाय. ट्रेच्या नोंदींशी नंबर लावून पाहिले. दर वेळी पहिल्या खाचेतला. धुण्यात खोट असती, तर एकच कसा बिघडेल?"

 शिवनंजप्पाचा हात आपसूक कपाळाकडे गेला. सकाळीच ओढलेले विभूतीचे तीन पट्टे तिथं होते.

ट्रे भट्टीत सरकवण्याआधी तो पहिला कटर उचलायचा, डोळ्यांना आणि कपाळाला लावायचा, आणि परत खाचेत ठेवायचा. हातमोजा घालूनच, नियम मोडायचा नाही! हत्याराला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरातला माणूस तो. साधं पोलाद कापायचं होतं तोवर त्या ठिपक्याचं कुणाला काही वाटलं नाही. या धातूनं मात्र दोन महिन्यांत त्याला उघडं पाडलं.

"मी, सार," तो कसाबसा म्हणाला.

"काय मी?"

त्यानं कपाळ पुसून बोटं पुढं केली. बोटं पांढरी झाली होती. 

पत्र उचलून तो बाहेर आला. पुट्टतायम्मासमोर त्यानं ते फाडलं आणि सगळं सांगितलं. त्याला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती मात्र जराही दचकली नाही. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"रोज बघत होते."

"मग बाई, बोलली का नाहीस?"

"बोलले की, अण्णा. वरमहालक्ष्मीच्या सणाच्या आदल्या दिवशी. म्हटलं, कपाळाला लावू नका, राख लागते. तुम्ही म्हणालात, तोंड चालतं तेवढे हात चालव."

शिवनंजप्पाला आठवलं. त्या वेळी सगळी शेड हसली होती, हेही आठवलं.

भट्टीपाशी पुढचा ट्रे तयार होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"तायम्मा, तू सरकव आत," तो म्हणाला.